विश्लेषण : टर्बोचा ‘बूस्ट’ वाढवणे कितपत सुरक्षित? यवतमाळच्या उन्हात हे गणित का बिघडते?

लॅपटॉप जोडून अर्ध्या तासात गाडीची ताकद वाढवून देणारे आता पुण्या-मुंबईपुरते राहिलेले नाहीत. समाजमाध्यमांवरील चित्रफितींमुळे ‘रीमॅप’, ‘स्टेज वन’, ‘बूस्ट’ हे शब्द जिल्ह्याच्या गावांतील तरुणांच्याही तोंडी आहेत. त्यातच पांढरकवड्यावरून हैदराबादकडे जाणारा महामार्ग आणि वर्धा-यवतमाळ-उमरखेडमार्गे नांदेडकडे जाणारा चौपदरी रस्ता यांमुळे गाडी ‘ओढण्याचा’ मोहही वाढला आहे. पण टर्बोचा दाब किती वाढवता येतो, याचे उत्तर इंजिनाइतकेच हवेच्या तापमानावर ठरते. मे महिन्यात ४४-४५ अंशांवर पोहोचणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात ते उत्तर थंड प्रदेशापेक्षा वेगळे येते.

टर्बोच्या गाड्या एवढ्या का वाढल्या?

डिझेल गाड्यांना टर्बो पूर्वीपासूनच आहे. पेट्रोल गाड्यांत तो वाढण्यामागे उत्सर्जनाच्या नियमांबरोबर कररचनेचाही हात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या वस्तू व सेवा कर दरांत चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के, तर मोठ्या गाड्यांना ४० टक्के कर आहे. लहान गाड्यांना सवलत देण्याचे हे धोरण त्याआधीच्या अबकारी कराच्या काळापासूनचे. मग इंजिन लहान ठेवायचे आणि ताकद टर्बोने भरून काढायची, हा कंपन्यांनी काढलेला मार्ग. म्हणजे आजच्या लहान टर्बो इंजिनातून कंपनीने मुळातच बरेच काम काढून घेतलेले असते. ‘कंपनीने ताकद दाबून ठेवली आहे’ हे गॅरेजमधले आवडते वाक्य ऐकताना एवढे लक्षात ठेवावे.

बूस्ट म्हणजे नेमके काय?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुरात पुष्कळ ऊर्जा वाया जाते. त्या धुराने एक चाक फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरायची, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांचे पेटंट १९०५ चे. हवा जास्त भरली की इंधनही जास्त जाळता येते आणि ताकद वाढते. लहान गाड्यांच्या टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो.

वातावरणाच्या दाबापेक्षा हा टर्बो जितका जादा दाब निर्माण करतो, तो बूस्ट. तो किती असावा हे गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू ठरवतो. काही टर्बोंत धूर बाजूने सोडून देणारे ‘वेस्टगेट’ असते, तर बऱ्याच डिझेल गाड्यांत धुराचा मार्ग कमी-जास्त करणाऱ्या हलत्या पात्या. ईसीयू त्यांच्यामार्फत दाब आवरतो.

तो आवर सैल करण्याचे मार्ग तीन. पहिला जुना आणि सर्वांत वाईट : वेस्टगेटच्या दांडीला पीळ देणे किंवा तिच्या नळीत झडप बसवणे. यात दाब वाढतो, पण इंधन आणि ठिणगीचे गणित जुनेच राहते. दुसरा ‘ट्यूनिंग बॉक्स’चा. हा डबा सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसून खोटे आकडे कळवतो. डिझेल गाडीत इंधनाचा दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचे ईसीयूला सांगितले की तो बिचारा आणखी वाढवतो. ज्या यंत्रणेने इंजिन वाचवायचे तिलाच अंधारात ठेवणारी ही युक्ती ‘काढून टाकता येते’ एवढ्या एका गुणावर विकली जाते. तिसरा मार्ग ईसीयूतील तक्तेच बदलण्याचा, म्हणजे रीमॅप. काम जाणणाऱ्याने केले तर तिघांत हाच बरा. पण इंटरनेटवरून उतरवलेली तयार फाइल भरणे म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांच्या नंबरचा चष्मा लावणे होय. अशा अनेक फाइली युरोपातल्या थंड हवेसाठी आणि किमान ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बेतलेल्या असतात.

गेजवरचा आकडा का फसवतो?

हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना त्याचे बूड गरम होते, तसेच. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब सुमारे ०.९६ बार भरतो. मेमधल्या दुपारी ४५ अंशांची हवा टर्बोने ०.८ बार बूस्टपर्यंत दाबली आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती बाहेर पडते सुमारे १३० अंशांवर. पुढे इंटरकूलर, म्हणजे हवेचा रेडिएटर, ती गार करतो. त्याचीही कार्यक्षमता ७० टक्के धरली तर इंजिनात शिरणारी हवा सुमारे ७० अंशांची असते.

आता बूस्ट १.२ बार करू. टर्बोतून हवा सुमारे १६५ अंशांवर निघेल आणि इंटरकूलरनंतरही ८० अंशांच्या वर राहील. गेजवरचा आकडा ५० टक्क्यांनी वाढला, पण सिलिंडरमध्ये गेलेली हवा वाढली केवळ १९ टक्के. हेही टर्बो त्याच्या सोयीच्या टप्प्यात काम करत असेल तर. लहान टर्बो मर्यादेबाहेर फिरवला की त्याची कार्यक्षमता घसरते, हवा आणखी तापते आणि त्याला फिरवण्यासाठी धुराचा उलटा दाब इंजिनावरच वाढतो. एका टप्प्यानंतर गेज चढत राहते आणि ताकद मात्र जागची हलत नाही.

उलट बाजूने पाहा. डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांच्या हवेत तोच ०.८ बार बूस्ट असेल तर इंजिनात शिरणारी हवा ४० अंशांच्या आतच राहते आणि मेमधल्या दुपारपेक्षा सुमारे १० टक्के जास्त भरते. म्हणून थंडीत रीमॅप केलेली गाडी झकास पळते, मालक खूश होतो, आणि तीच गाडी उन्हाळ्यात पाच माणसे, सामान आणि एसी घेऊन पुसदकडचा घाट चढताना अडचणीत येते. घाटात वेग कमी असल्याने इंटरकूलरला वाराही कमी मिळतो. कंपनीने ठेवलेली ‘शिल्लक’ याच दिवसासाठी असते. विदर्भात ती पडून राहत नाही, दर उन्हाळ्यात वापरली जाते.

पेट्रोल इंजिन कुठे फुटते आणि डिझेल कुठे?

पेट्रोल इंजिनाचा मुख्य शत्रू नॉकिंग. ठिणगीने लागलेली आग पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण उष्णतेने आपोआप पेटते आणि धातूवर हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. आजच्या इंजिनांतील नॉक सेन्सर ठिणगी उशिरा देऊन ते रोखतो, मात्र ताकद कमी होते आणि धूर आणखी तापतो. दाब फार वाढवलेला असेल तर सेन्सरची धावही संपते आणि पिस्टनच्या कडा तुटतात. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या लहान टर्बो इंजिनांत आणखी एक प्रकार आढळतो : कमी फेऱ्यांवर, वरच्या गिअरमध्ये पूर्ण पाय दाबला की ठिणगीच्याही आधी मिश्रण पेटते. असा एक जबर ठोका पिस्टन फोडायला पुरेसा ठरू शकतो. हा धोका कमी करण्यासाठीच ‘एपीआय एसपी’ दर्जाचे इंजिन ऑइल आले. स्वस्त ऑइल आणि वाढवलेला बूस्ट ही जोडी म्हणून वाईट.

ई-२० पेट्रोलने यात दोन्ही बाजूंनी फरक पडला आहे. इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करते. सामान्य पेट्रोलचे ऑक्टेन ९१ वरून ९५ च्या घरात गेल्याचे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले होते. ही जमेची बाजू. पण तेवढ्याच हवेसाठी ई-२० इंधन सात-आठ टक्के जास्त फवारावे लागते. बूस्ट वाढवल्याने इंजेक्टर आणि पंप आधीच कमाल मर्यादेजवळ आलेले असतील तर हे जादा इंधन आणायचे कुठून? मिश्रणात इंधन कमी पडले की तापमान भडकते. जुन्या पेट्रोलसाठी केलेला रीमॅप म्हणूनच आज तपासून घ्यावा लागतो.

डिझेलमध्ये अशा प्रकारचे नॉकिंग नसते, त्यामुळे ‘डिझेलला काही होत नाही’ असा समज आहे. तिथे मारतो तो धुराचा ताप. हवेच्या मानाने डिझेल जास्त पडले की काळा धूर निघतो आणि टर्बोपूर्वीचे तापमान सातशे-आठशे अंशांकडे सरकते. शुद्ध ॲल्युमिनिअम ६६० अंशांना वितळते आणि पिस्टन ॲल्युमिनिअमच्याच मिश्रधातूचे असतात. खालून उडणारे तेल त्यांना वाचवते. काही सेकंदांच्या ओव्हरटेकला हे चालून जाते. पांढरकवड्यापुढे सरळ रस्त्यावर पंधरा मिनिटे पाय दाबून ठेवला तर चालत नाही. शिवाय कमी फेऱ्यांवर एकदम चढवलेला टॉर्क कनेक्टिंग रॉड वाकवतो आणि हेड गॅस्केट उडवतो. बहुतेकदा त्याआधी क्लच घसरतो. तो बिचारा स्वस्तातला इशारा देत असतो. लोक जड क्लच टाकून तो इशाराच बंद करतात.

मग कंपनी एकाच इंजिनातून दोन प्रकारची ताकद कशी काढते?

ट्यूनिंग करणाऱ्यांचा हा सर्वांत बिनतोड वाटणारा युक्तिवाद. मारुतीच्या स्विफ्टमधले फियाटच्या तंत्राचे १२४८ सीसी डिझेल इंजिन ७५ पीएस ताकद आणि १९० न्यूटन-मीटर टॉर्क देत होते. एसएक्स४ मध्ये तेच इंजिन ९० पीएस आणि २०० न्यूटन-मीटर देई. पण एसएक्स४ मध्ये हलत्या पात्यांचा वेगळा टर्बो होता. म्हणजे कंपनीने आकडा वाढवताना सामानही बदलले. स्विफ्टच्या साध्या टर्बोवर केवळ फाइल बदलून तोच आकडा गाठणारा, वेगळ्या टर्बोचे काम जुन्या टर्बोकडून करून घेत असतो. जुन्या बाजारात या गाड्या अजून मोठ्या संख्येने आहेत आणि त्यातल्या अनेकींचा टर्बो लाख-दीड लाख किलोमीटर फिरलेला आहे.

महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनचे उदाहरण अधिक बोलके. २.२ लिटरचे डिझेल इंजिन १३२ आणि १७५ पीएस अशा दोन रूपांत मिळते. मात्र १७५ पीएसच्या गाडीतही मॅन्युअल गिअरला टॉर्क ३७० न्यूटन-मीटर आणि ऑटोमॅटिकला ४०० न्यूटन-मीटर असा वेगळा ठेवलेला आहे. इंजिन तेच, ताकद तीच, तरी टॉर्क वेगळा. टॉर्क किती द्यायचा हे एकट्या इंजिनावरून ठरत नाही, मागे कोणता क्लच आणि गिअरबॉक्स आहे हेही त्यात येते, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

वाढवायचाच असेल तर क्रम कोणता असावा?

बंद ट्रॅकवरील गाडीसाठी हा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तराची सुरुवात बूस्टपासून होत नाही. आधी इंजिन निरोगी आहे का ते पाहायचे : प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन सारखे आहे का, नळ्यांत गळती आहे का, टर्बोच्या दांड्याला खेळ आला आहे का. त्यानंतर मोजण्याची साधने. हवा-इंधनाचे प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर, धुराचे तापमान, इंटरकूलरनंतरच्या हवेचे तापमान आणि पेट्रोल असेल तर नॉकची नोंद, हे हाताशी नसताना केवळ बूस्ट गेज लावून काम करणे म्हणजे ताप न मोजता औषध वाढवत नेणे. मग थंडावा : मोठा इंटरकूलर, स्वच्छ रेडिएटर, योग्य ऑइल. मग इंधन पुरवठ्याची तपासणी.

एवढे झाल्यावर दाबाला हात घालायचा, तोही ०.१ बारच्या पायऱ्यांनी. प्रत्येक पायरीला पूर्ण भाराची नोंद घ्यायची, आणि ती जिल्ह्यातल्या सर्वांत वाईट दिवशी, म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी. हवेचे तापमान ठरावीक अंशांपुढे गेले की बूस्ट आपोआप कमी करणारा तक्ता ईसीयूत मुळातच असतो. तो काढून टाकणाऱ्या ट्यूनरकडून तडक गाडी परत घ्यावी. बूस्टच्या सेन्सरची मोजण्याची कमाल मर्यादाही ओलांडू नये, कारण तिच्यापलीकडे ईसीयूला दाब दिसतच नाही. ब्रेक, टायर यांचा खर्च ताकदीच्या आधी. चौपदरी महामार्गावर मोटारींसाठी केंद्राची कमाल वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे आणि तेथपर्यंत जायला आजची कुठलीही साधी गाडी पुरते, हा भाग वेगळा.

कायद्याच्या दृष्टीने हे चालते का?

सार्वजनिक रस्त्यावर, नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी याच कलमाचा अर्थ कडकपणे लावला आणि बदलांना मुभा देणारा केरळ उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला. रंग बदलणे किंवा किरकोळ जोडण्या त्यातून सुटतात. कलमात ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द नाही, ही पळवाट अनेकजण सांगतात. पण गाडीच्या नमुन्याला एआरएआयसारख्या संस्थेकडून मंजुरी मिळते ती ठरावीक ताकद आणि ठरावीक उत्सर्जनासह, आणि नोंदणीच्या अर्जातही अश्वशक्तीचा रकाना असतो. त्यामुळे ही पळवाट फार रुंद नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. याच कलमात डीलरसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड आहे, आणि कायद्यातील ‘डीलर’च्या व्याख्येत वाहनदुरुस्तीचा व्यवसाय करणाराही येतो. ‘काही झाले तर मालक बघेल’ असे म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याने हे वाचून ठेवलेले बरे.

प्रत्यक्षात पकडणार कोण, हा खरा पेच. रस्त्यावर उभ्या पोलिसाला किंवा एमएच-२९ ची नोंदणी करणाऱ्या कार्यालयातील निरीक्षकाला मोठा सायलेन्सर दिसतो, ईसीयूतली फाइल दिसत नाही. पीयूसी केंद्रावर डिझेलच्या धुराची घनता मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत. याचा सर्वांत घातक फायदा बीएस-६ डिझेल गाड्यांत घेतला जातो : बूस्ट वाढवताना धुरातील काजळी अडवणारा फिल्टरच कापून काढला जातो आणि ईसीयूला तो असल्याचे भासवले जाते. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे. गाडी एकाची, धूर बसस्थानकावर उभ्या असलेल्या सगळ्यांचा.

हिशेब खरा होतो तो अपघातानंतर. बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. आजच्या अनेक ईसीयूंत फाइल किती वेळा बदलली याची नोंद राहते आणि जुनी फाइल परत भरली तरी ती पुसली जाईलच असे नाही. कंपनीची वॉरंटीही तिथेच संपते.

गाडी उचलत नसेल तर आधी काय पाहावे?

बूस्ट वाढवून मागणाऱ्या अनेक गाड्यांचा मूळ बूस्टच हरवलेला असतो. वणी परिसरात कोळशाची धूळ, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास उडणारे तंतू आणि कच्च्या रस्त्यांची माती यांनी एअर फिल्टर पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरच्या पुष्कळ आधी कोंदतो. इंटरकूलरच्या जाळीत चिखल आणि किडे बसतात. टर्बोपासून निघणाऱ्या रबरी नळीला बारीक चीर गेली की भार पडताच शिट्टीसारखा आवाज येतो, काळा धूर निघतो आणि गाडी दम टाकते. साबणाचे पाणी लावून हवा भरली की ती चीर दिसते. काजळीने पात्या अडकल्या असतील तर टर्बो साफ करून मिळतो. या दुरुस्त्यांनी गाडी कंपनीच्या मूळ आकड्यावर परत येते. त्यासाठी परिवहन कार्यालयाची परवानगी लागत नाही, विमा कंपनीला कळवावे लागत नाही, आणि एअर फिल्टर व नळी मिळून येणारा खर्च रीमॅपच्या तुलनेत किरकोळ असतो. उतरताना एक गोष्ट मात्र करावी : लांबचा पल्ला वेगात मारून आल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर तशीच चालू ठेवावी. तापलेल्या टर्बोत तेल थांबले तर ते तिथेच जळून कोळसा होते.